वाजवून घेतलेलं हेल्मेट

लेक फलंदाजीला निघाली तेव्हा बाप कुंपणापाशी उभा होता. समोरच्या संघाच्या उंच गोलंदाज मुलीने आत्ताच एकीचं मनगट सुजवून तिला बाहेर धाडलं होतं. तरी बापाचा जीव भांड्यात पडलेला होता. लेकीच्या डोक्याची सोय त्याने स्वतःच्या हाताने केली होती.

हेल्मेटच्या कारखान्यात आतलं अस्तर चिकटवायचं काम तो करायचा. पूर्वी टाळूखाली चांगला बोटभर जाड फोम बसायचा. पण असलं हेल्मेट ठोकलं की 'भद' वाजायचं आणि दुकानात पडून राहायचं. मग मालकांनी टाळूखालचा फोम काढायला लावला. "गिऱ्हाईक डोक्यावर चेंडू झेलून बघत नाही," ते म्हणाले, "बोटाने वाजवून बघतं." आता माल 'टण्' वाजायचा आणि हातोहात खपायचा. लोक म्हणायचे, काय मजबूत आहे! बापाने तोंडाला कुलूप लावलं. पन्नाशी उलटलेल्याला दुसरीकडे दारात कोण उभं करणार?

मग मालकांनी नेमकी लेकीच्याच संघाला अकरा हेल्मेटं भेट दिली. परवा ती आंघोळीला गेली तेवढ्यात त्याने तिच्या हेल्मेटात फोमचे दोन थर बसवले आणि वर पहिलंच कापड चिकटवलं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने गावभर केलं असतं. पोरगी तशीच आहे. बाकीच्या दहाजणींचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला आणि गेला. शेवटी आपला तो बाब्या.

शेजारच्या बाकावर लेकीची मैत्रीण बसली होती. मांडीवरच्या हेल्मेटवर तिने चाळा म्हणून बोटाची पेरं आपटली.

भद.

बापाने गर्रकन मान वळवली.

"बघा ना काका, कसलं डबडं आहे," ती हसली. "तुमच्या लेकीचं. बिचारी रडकुंडीला आली होती. म्हटलं, मी शेवटच्या नंबरची, मला काहीही चालतं. तू माझं घे, माझं मस्त वाजतं."

"मला का नाही बोलली ती?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुमच्या हातचा माल ना!"

मंडपात पाहुण्यांच्या खुर्चीवर मालक बसले होते. त्यांनी बापाकडे बघून हात हलवला. बापाला मुठीतली कुंपणाची जाळी सोडवेना. तेवढ्यात गोलंदाज पावलं मोजून मागे पोचली आणि वळली.

"थांब!" तो ओरडला. "काढ ते! काढ!"

टाळ्या चालू होत्या. शब्द कुठच्या कुठे विरले. तो वेड्यासारखा स्वतःच्या टाळूवर हात मारून दाखवू लागला.

लेकीने ते बघितलं. बाबा हेल्मेटचंच विचारताहेत, एवढं तिला कळलं. ती हसली, आणि काळजी करू नका म्हणून बॅटची मूठ तिने दोनदा हेल्मेटवर आपटली.

टण्. टण्.

कुंपणापर्यंत अगदी खणखणीत ऐकू आलं. मग ती वाकून उभी राहिली आणि गोलंदाज धावत सुटली.