डाव्या बाहीचं माप

टेप डाव्या दंडाभोवती आला आणि सासूचा हात तिथेच थांबला.

सुनेने श्वास रोखला. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बोटांना डोळे फुटलेले असतात. दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, आगपेटीतल्या काडीएवढी कांडी होती. बसवून वर्ष झालं. "तीन वर्षं दिवस जायचे नाहीत," दवाखान्यातली नर्स म्हणाली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्याला चौथं मूल हवं होतं. आणि सासू? स्वतःची लेक एका मुलावरच थांबली, तर त्यावरही "देवाची मर्जी" म्हणून सुस्कारे टाकणारी बाई ती.

आज तिने आपणहून मापाला बोलावलं होतं. नऊ वर्षांत सुनेला कधी हातरुमाल शिवून दिला असेल तर शपथ! चोराच्या मनात चांदणं. नक्की नवऱ्यानेच आईला टेहळणीला बसवलंय.

बोट पुन्हा फिरलं. वरून खाली, सावकाश.

"हे काय गं?"

"चरबीची गाठ."

"चरबी? तुझ्या अंगात? खुंटीला सदरा लटकवावा तशी दिसतेस." सासूने आवाज उतरवला. "त्रास होतो का?"

सुनेने पदर दंडावर ओढून घेतला.

"तुला विचारतेय, भिंतीला नाही."

"पहिले चार महिने पाळीचा घोळ झाला. आता काही नाही." मग राहवलंच नाही. "आता सुखाने झोप लागते, आई. काढायला लावू नका."

तेवढ्यात नवरा दारात आला. "आई, बाह्या आखूड ठेव. हल्ली हिला लांब बाह्यांचं भलतंच वेड लागलंय. काय लपवते कोण जाणे."

"आलाय मोठा शिंपी! सुईत दोरा ओवता येत नाही आणि बाह्या शिकवतोय. कोपरापर्यंत शिवणार. नीघ इथून."

तो गेला. सासूने मापांची वही ओढली. अक्षरांशी तिचं जेमतेमच; पानापानाला ज्याच्या-त्याच्या कापडाचा तुकडा टाचलेला. डाव्या बाहीच्या आकड्यापुढे तिने उभी रेघ मारली. काडीएवढी.

मग वही सुनेपुढे सरकवून ती मशीनवर बसली.

सुनेने पानं उलटली. निळी फुलं, म्हणजे शेजारीण. आकड्यापुढे रेघ. चौकडा, बालवाडीच्या बाई. रेघ.

पहिल्या पानावर पिवळं रेशीम होतं. नणंदेचं. सगळ्यात जुनी रेघ तिथे होती.