सेनादाचा ससा

बोस्नियातल्या मोस्तार शहरात एका प्रयोगशाळेतले ससे सेनादा सांभाळायची. लेकीचा फोन आला. "आई, मी लग्न करणार आहे त्याच्याशी. एकदा त्याला भेट तरी!"

"नदीपलीकडचा ना, युद्धात आपल्याशी लढले त्यांच्यातला? घरात त्याचं नाव काढायचं नाही," म्हणत तिने फोन ठेवला.

तेवढ्यात प्रयोग करणाऱ्या यास्ना मॅडम आल्या. पेशीत निरोप पोचवणारं माणसाचं एक प्रथिन त्यांनी सशाला टोचलं होतं. परक्याशी लढणाऱ्या अँटिबॉडी त्याच्या रक्तात तयार व्हायला हव्या होत्या, पण त्यांचा पत्ताच नव्हता.

"आजारी आहे का हो माझा ससा?"

"छे गं, ठणठणीत आहे. तेच प्रथिन त्याच्याही अंगात आहे, जसंच्या तसं. त्याला आपलं परकं वाटतच नाही, मग लढेल कशाला? कोंबडी आपल्यापासून जास्त लांबची, आता तिला टोचून बघते."

सेनादाने सशाला कोबीचं पान दिलं आणि लेकीला फोन लावला. "रविवारी जेवायला घेऊन ये त्याला. आणि काय गं, नाव काय त्याचं?"