मूठभर भुसा

प्रदोषाचं व्रत म्हणून अनुसूयाबाईंनी सीपरी बाजारातून आणलेला नवा मोठा पिंजराही गोमूत्र शिंपडून शुद्ध केला, जुन्या पिंजऱ्यातला भुसा फेकला आणि हॅमस्टरच्या पिल्लाला आत सोडलं. ते कोपऱ्यात थरथरत बसलं. संध्याकाळ झाली तरी दाण्याला तोंड लावेना. "आई, बेचारं वासावरून घर ओळखतं. तू घरच पुसून टाकलंस," लेक म्हणाली. अनुसूयाबाई पूजेसाठी सोवळं नेसल्या होत्या. तरी कचऱ्यातला तो मळका भुसा त्यांनी मूठभर उचलून पिंजऱ्यात ठेवला. पिल्लू हुंगत पुढे आलं. गालांत भुसा भरभरून त्याने खेपा घातल्या, कोपऱ्यात अंथरूण केलं आणि त्यावर बसून दोन्ही हातांत दाणा धरला. अंगठ्याएवढ्या जिवाला हे कोणी शिकवलं असेल? अनुसूयाबाईंचे हात आपोआप जुळले. "आई, पूजेची वेळ टळतेय," लेक पाठीमागून म्हणाली. "हळू बोल गं. जेवतंय ते."