पाय धुण्याचा दगड

दत्तोपंतांच्या अनवाणी तळपायाखाली काहीतरी चिकट, ओलसर आले आणि त्यांनी पाय झटकन वर उचलला. गुटख्याची पिचकारी होती, आणि ती ताजी होती. संग्रहालयाच्या दारावर ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी सूचना ठळक अक्षरांत रंगविलेली होती. आणि आतील प्रत्येक कोपरा येणाऱ्याजाणाऱ्यांनी थुंकून लाल करून ठेवला होता.

“छी! ही आपली संस्कृती!” एका पायावर उभे राहून ते उद्गारले.

निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने पालम गावाच्या या सहलीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले होते. सकाळपासून त्यांनी मंडळींना दोन पुरातन मंदिरे व एक बारव दाखविली होती, आणि तिन्ही ठिकाणी त्यांना नाकाला रुमाल लावावा लागला होता.

परंतु या घडीला त्यांचा खरा संताप ग्यानबावर होता. ग्यानबा मेंढपाळ समोरच्या दगडाकडे पाहून सारखी मान हलवीत होता. त्याने उराशी एक गाठोडे धरले होते व त्यात चार वर्षांची लोकर होती. मेंढ्यांची कातरणी झाली की लोकरीचा पहिला झुपका वीरगळाला वाहावयाचा, ही त्याच्या घराण्याची रीत. लांडग्याशी झुंजता झुंजता प्राण गेलेल्या पूर्वजाचा तो दगड चार वर्षांपूर्वी दत्तोपंतांनीच आपला शब्द देऊन संग्रहालयाच्या स्वाधीन करविला होता.

“ह्यो आमचा न्हाई, गुरुजी.”

“अरे, पाटीवर लिहिलेलं आहे! वीरगळ, क्रमांक सतरा, देणाऱ्याचं नाव ग्यानबा. तुला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?”

“मग ह्याच्यावर कुत्रं कुठं हाय? आमच्या बाबाच्या पायापाशी कुत्रं हाय.”

“झिजलं असेल. ती लोकर वाहा आणि चल. त्याची नीट निगा राखली जाईल, असा शब्द दिला होता ना मी?”

“दिल्ता की. म्हनून तर आमी बाबाला दिलं.”

ग्यानबाची बायको सुगंधाबाई पदराआडून म्हणाली, “गुरुजी, आदी पाय धुवा. मंग काय रागं भरायचं ते भरा.”

मागील अंगणात मुतारीला लागून एक नळ होता. दुर्गंधीने दत्तोपंतांचे डोके भणभणले. नळाखाली पाय ठेवावयास एक रुंद दगड मांडलेला होता. त्यावर शेवाळ, साबणाचा लगदा आणि अनेकांच्या गुळण्यांचा थर साचला होता. नाक मुरडीत ते त्यावर चढले. दगड चांगला खरबरीत होता. त्यांनी तळपाय त्यावर घासून घासून स्वच्छ केला. नंतर खळखळून चूळ भरली आणि पायापाशीच टाकली.

तेवढ्यात ग्यानबा पाण्याची बाटली भरून घेण्यासाठी आला आणि जागच्या जागी थबकला. तो दत्तोपंतांच्या टाचेकडे पाहत होता.

“गुरुजी,” तो अगदी हळू म्हणाला, “जरा पाय काढता का?”

दत्तोपंत खाली उतरले. ग्यानबा उकिडवा बसला आणि त्याने ती घाण आपल्या हाताने बाजूला सारली. फेस ओघळला. प्रथम एक काठी दिसली, मग काठी धरलेला हात, आणि मग शेपूट वर केलेले कुत्रे. कुत्र्याच्या कानाच्या खाचेत चिमूटभर शेंदूर अजून टिकून होता.

संग्रहालयाचा शिपाई शिवशंकर तोंडात तोबरा घेऊन तेथे आला.

“हा दगड येथे कसा?” दत्तोपंतांचा आवाज चिरकला.

“लय बेस दगड हाय, सायेब. नक्षीची बाजू मुद्दाम वर ठेवलीय. पाय घसरत न्हाई.” त्याने नालीत पिंक टाकली. “आत व्हता तवा शेंदूर पावन्यांच्या कपड्याला लागायचा. म्हनून भाईर काढला. जागा मोकळी दिसाया नको, म्हनून आत दुसरा ठिवला.”

दत्तोपंतांनी संस्कृतीविषयी काही बोलण्यासाठी तोंड उघडले. त्यांच्या चुळेचे पाणी अजून कुत्र्याच्या पाठीवरून ओघळत होते. त्यांनी तोंड मिटले.

“दप्तरात सतरा नंबर कंचा?” ग्यानबाने विचारले.

“आतला.”

“अन् ह्यो?”

“ह्यो कशातच न्हाई.”

“मंग आमी नेतो.”

शिवशंकरने क्षणभर विचार केला. “न्या. पर पाय धुयाला दुसरा येखादा दगड आनून टाका हितं. लोकांची पंचाईत व्हईल.”

सहलीच्या जीपचालकाच्या मदतीने ग्यानबाने दगड आपल्या घोंगडीत गुंडाळून उचलला आणि जीपमध्ये दोन बाकांच्या मधोमध आडवा ठेवला. सुगंधाबाईने गाठोडे पुढे केले, तेव्हा त्याने मान हलविली. “आत्ता न्हाई. आदी घरी नेऊन न्हाऊ घालू.”

सर्वांच्या मागून दत्तोपंत जीपमध्ये चढले. त्यांच्या वाट्याला दगडासमोरची जागा आली होती. त्यांनी दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले आणि गुडघे पोटाशी धरून ते बसले. जीप खड्ड्यांतून धडधडत निघाली. प्रत्येक खड्ड्याला ते कलत होते, परंतु टपाची सळई धरून तोल सावरीत होते.

“पाय खाली सोडा की, गुरुजी,” सुगंधाबाई म्हणाली. “पालम लय लांब हाय अजून.”

पायांना साबणाचा वास येत होता. दत्तोपंतांनी ते आणखी जवळ ओढून घेतले.