आकतोशसाठी आलेली माणसं

"आणखी चार दिवस असू दे, बाबा," तिलेक म्हणाला. "इतक्यात नको."

इशेनकुलच्या मांडीवर आकतोशचं डोकं होतं. एकेकाळी लांडग्याच्या नरड्याला भिडणारा तो जबडा आता सुजून वाकडा झाला होता. म्हातारा ओलं फडकं कुत्र्याच्या तोंडात पिळत होता. निम्मं पाणी आत जात होतं, निम्मं त्याच्या पांढऱ्या छातीवरून ओघळत होतं.

"चार दिवसांनी काय होणार आहे? नवे दात येणार आहेत त्याला?"

तिलेक उठला आणि मेंढवाड्याकडे निघून गेला.

तो ऐन कामाच्या दिवसांत रशियातलं बांधकाम सोडून आला होता. त्याच्याआधी थोरली मुलगी तोल्गोनाय आली, बिश्केकहून. ती तिथल्या रुग्णालयात नर्स. एरवी सणालासुद्धा तिला रजा मिळायची नाही. आकतोशचं आता खरं नाही, हे इशेनकुलनंच फोनवर सांगितलं होतं. पण पोरं अशी धावत येतील असं त्याला वाटलं नव्हतं. वरून 'कुत्र्यासाठी कोण येतं का!' असं म्हणत असला, तरी आतून तो सुखावला होता. आकतोश पिल्लू असताना तिलेकच्याच पांघरुणात झोपायचा. पोरं विसरली नव्हती तर!

त्याची बायको बुरुलकान रश्शाचा वाडगा घेऊन आली. "दोन घोट तरी घ्या."

"त्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही आणि मी रस्सा भुरकू?"

"तुमच्या अल्सरला कुत्रा कळतो का? घ्या म्हणते ना." तिचा आवाज चिरकला. वाडगा तिथेच ठेवून ती लगबगीनं आत गेली.

बायको अशी ऊठसूट रडणारी नव्हती. आकतोशनं घरच हलवून सोडलं होतं. घरच कशाला, दुपारी शेजारचा सादिरही आला. आकतोशनं त्याच्या मेंढ्याला फाडलं, तेव्हापासून त्यानं इशेनकुलशी बोलणं टाकलं होतं. तो चक्क कुमीसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी पिशवी घेऊन आला, बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला आणि म्हणाला, "माझ्याकडून कमीजास्त बोललं गेलं असेल, तर पोटात घाल."

"मला काय सांगतोस? त्याला सांग," म्हणून इशेनकुलनं कुत्र्याकडे बोट दाखवलं. सादिर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकतोश उठायला गेला आणि कोसळला. मग जो आवाज त्याच्या घशातून आला, तो इशेनकुलनं आजवर कुठल्याच जनावराच्या तोंडून ऐकला नव्हता. दुसऱ्या कुणाचा कुत्रा असता, तर त्यानं बंदूक उचलली असती. पण हा आकतोश होता. त्यानं काठी घेतली आणि वाटेत बसत, दम खात, तो गुरांच्या डॉक्टरच्या, जापारच्या घरी गेला.

"घरच्यांना विचारलंत का, अक्सकाल?" जापार वडीलधाऱ्याला द्यायचा तो मान देत, पण खाली बघत म्हणाला.

"सगळी सशाच्या काळजाची. त्याच्याकडे बघवत नाही म्हणून माझ्याकडे बघत बसतात! चल तू."

जापारला पेटी घेऊन अंगणात शिरताना पाहून तोल्गोनाय धावत आली. तिनं वाद घातला नाही. घरातून दुंबा मेंढ्याच्या चरबीचा तुकडा आणला, आकतोशच्या नाकाशी धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "जापारकाका, सुई पाठीमागे धरा. त्याला कळू देऊ नका."

"का कळू द्यायचं नाही?" इशेनकुल एकदम कडाडला. "कुरणावर हिमवादळात हा माझ्याबरोबर उभा राहिलाय. लांडगा आला तर समोरून गेलाय. आणि आज त्याला चरबी हुंगवून मागून टोचायचं? अरे, उद्या माझ्याशी कुणी असं वागलं, तर मी त्याला जन्मात माफ करणार नाही. दाखव ती सुई. हुंगू दे त्याला."

जापारचा हात तसाच राहिला. त्यानं तोल्गोनायकडे पाहिलं. तिनं चरबीचा तुकडा मुठीत घट्ट आवळला होता.

मग जापारनं सुई पुढे केली. आकतोशनं ती हुंगली, एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि डोकं त्याच्या मांडीवर टेकवलं. इशेनकुल त्याच्या कानामागे खाजवत राहिला. छातीचा भाता हलायचा थांबला, तरी तो खाजवतच होता.

तिलेकनं ओढ्याकाठी विलोच्या झाडाखाली खोल खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर सगळे तिथेच गवतावर बसले. इशेनकुलला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. आज कदाचित रस्साही जाईल, असं त्याच्या मनात आलं.

"बरं झालं तुम्ही आलात," तो पोरांना म्हणाला. "माणसाच्या मयताला येत नाहीत लोक एवढ्या लांबून. तुमचा बाप हे विसरणार नाही. पण आता परत जा रे. तिलेक, तुझा मुकादम दुसरा माणूस घेईल. आणि तू ग, किती दिवस बसणार इथे? ज्याच्यासाठी आलात, तो सुटला."

तिलेकनं बहिणीकडे पाहिलं. बुरुलकाननं पदरासारखा डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. तोल्गोनाय उठली, बापासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्याचे मातीनं भरलेले दोन्ही हात हातात घेतले.

"बाबा," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आम्ही आकतोशसाठी नव्हतो आलो."