बोअरची ओटी

नव्या बोअरमध्ये मोटर खाली जाईना. मिस्त्री वैतागून ओरडला, “पाइपात कुणी काय टाकलंय?”

सगळी वस्ती तान्हूआत्याकडं बघू लागली. ती म्हणाली, “नव्या पाण्याची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ.”

“आत्या, ओटी विहिरीची भरतात! ही वीतभर रुंद बोअर. नारळ असाच अडकून राहिला तर वस्तीचं पाणी गेलं!”

“का? विहिरीतलं पाणी तेवढं बाई, आणि हे काय बुवा आहे?”

मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. मोटर वर ओढली, पुन्हा रॉड जोडले, पुन्हा बोअर मारायचं मशीन धडधडलं. दुपार कलली तेव्हा कुठं नारळाचा चुरा झाला, मोटर पाण्यात उतरली आणि गढूळ धार उसळली. बाया हंडे घेऊन धावल्या.

मिस्त्री बोअरचं झाकण घेऊन वाकला. “अजून काही द्यायचं राहिलंय का तिला? आत्ताच सांगा. नंतर उघडणार नाही.”

आत्यानं पाइपाशी तोंड नेलं. “एवढ्या खोल, अंधारात एकटीच गं तू. भिऊ नको. आम्ही वर आहोत.”

खालून तिचाच आवाज घुमत वर आला. तो विरेपर्यंत मिस्त्री पाना धरून थांबला.