आयता बिघाड

“बाबा, धडधाकट कॉम्प्युटरला औषध पाजायची अक्कल तुम्हाला नेमकी कुठून सुचली?”

भिंगरीने विचारलं आणि तिच्या खिशातला फोन खुसखुसला. मैत्रिणींची पैजच होती तशी. प्रश्न जसाच्या तसा विचारायचा, आणि फोन चालू ठेवून विचारायचा.

बाबांनी टेबलाखालून डोकं काढलं. केसांत जळमट लोंबत होतं.

“औषध नाही, अपडेट. फर्मवेअरचं. परीक्षेआधी मशीन कसं अद्ययावत पाहिजे!”

“आणि मधेच बटण कुणी बंद केलं?”

“ती पडद्यावरची पट्टी पुढे हलतच नव्हती गं!”

“बंद करू नका असं लिहिलं होतं ना?”

“लिहायला काय जातंय त्यांचं,” बाबा पुटपुटले.

बाबा म्हणजे लिफ्ट लवकर यावी म्हणून बटण दाबतच राहणारा माणूस. फर्मवेअर म्हणजे मशीनला जाग आल्याआल्या त्याचे हातपाय कुठे आहेत ते सांगणारी अक्कल. ती निम्मी आत, निम्मी बाहेर असताना बाबांनी वीज तोडली होती. आता मशीनचा पंखा भिरभिरत होता आणि पडदा काळाठिक्कर.

चार वाजता भिंगरीची प्रवेशपरीक्षा होती. घरी बसूनच द्यायची, पण मोबाइलवर चालत नव्हती, कॉम्प्युटरच हवा. पास झाली की लांबच्या निवासी शाळेत रवानगी, थेट बारावीपर्यंत. भिंगरीला जायचं नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा ओठांतल्या ओठांत ‘हजर’ म्हणणारी ही मुलगी आत्ता कुठे वादविवादात समोरच्याला पाणी पाजायला लागली होती. मनातलं तिने मैत्रिणींना सांगितलं होतं, घरी नाही. आईबाबांच्या उत्साहात एक शब्द घुसवायलाही फट सापडली नव्हती.

“अगं, देव पावला तुला,” खिशातून दबका आवाज आला. “हात लावू नकोस त्याला!”

पण घरातलं काहीही बिघडलं की हाक भिंगरीलाच. “बघ गं जरा,” आई काकुळतीला येऊन म्हणाली. आणि बिघडलेली वस्तू समोर आली की भिंगरीचे हात शिवशिवायचे, त्याला ती तरी काय करणार?

तिने फर्मवेअरची नवी फाइल आईच्या मोबाइलवर उतरवून पेनड्राइव्हवर घेतली. मशीन ज्या नावाने फाइल ओळखतं तेच नाव फाइलला दिलं. पेनड्राइव्ह मागच्या ठरलेल्या खाचेत खुपसला आणि शेजारचं इवलंसं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला.

“आता हा थांबेपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही. बाबा, हात खिशात.”

“अगं, मी नुसतं...”

“खिशात!”

बाबांनी हात खिशात घातले. मग ते येरझारा घालायला लागले. मग “अडकलंय वाटतं” म्हणाले. आईने त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर पहाऱ्याला उभी राहिली.

दिवा थांबला. भिंगरीने मशीन चालू केलं. पंखा फिरला, पडदा काळाच.

“झालं! गेलं कामातून,” बाबांनी कपाळाला हात लावला.

भिंगरीने कीबोर्डवरचं एक बटण सहज दाबून पाहिलं. कोपऱ्यातला चिमुकला दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे स्वारी शुद्धीवर आली होती! तिने मागे वाकून पाहिलं. मशीन टेबलावर उचलून ठेवताना बाबांनी पडद्याची वायर काढली होती आणि परत लावताना भलत्याच भोकात खुपसली होती. बास, एवढंच.

हे फक्त तिला ठाऊक होतं. तिने नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं. चार वाजले असते, परीक्षा गेली असती, आणि खापर फुटलं असतं फर्मवेअरवर. तिला हसू आवरेना. तिने खोटं खोटं खोकून घेतलं.

“जाऊ दे, बाळा,” आईने तिला जवळ घेतलं. “तुझा काय दोष? मी सगळ्यांना सांगेन, पोरगी नक्की निवडली गेली असती, पण मशीनने घात केला. पुढच्या महिन्यात परत आहे म्हणे. तेव्हा मामाकडे जाऊन देऊ.”

“आणि त्याआधी मामाचं मशीन मी स्वतः तपासेन,” बाबा म्हणाले.

भिंगरीचं हसू तिथल्या तिथे विरलं. ती टेबलामागे गेली. वायर उपटली, खालच्या भोकात घट्ट बसवली.

पडदा लख्ख उजळला. बाबांनी अशी आरोळी ठोकली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आईने पदराने खुर्ची पुसली, पाण्याचा पेला आणून ठेवला. “बस बस, वेळ आहे अजून!”

भिंगरी बसली नाही. तिने खिशातला फोन काढून बंद केला. यापुढचं कुणाच्या पैजेवर बोलायचं नव्हतं.

“आई, बाबा, मी ही परीक्षा देणार नाहीये. आज नाही आणि पुढच्या महिन्यातही नाही. मला त्या शाळेत जायचंच नाही. मी इथेच शिकणार.”

बाबांनी उजळलेल्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “अगं कार्टे, मग एवढी खटपट कशाला केलीस? तसंच ठेवायचं होतंस बंद!”

“म्हणजे तुम्ही जन्मभर त्यालाच बोल लावला असता,” भिंगरी म्हणाली. “मशीन ठणठणीत आहे, बाबा. ‘नाही’ मी म्हणतेय.”